नाळेवर कोण उभा राहील

थांबू नका बाई, लिहा. माझ्या मुलाने, गोरिसने, दार आपटले आहे, छप्पर पडलेले नाही. तो परत येईल तेव्हा येईल. मी म्हणत होतो:

मी, योआकिम, ज्याला पोरे आमा, म्हणजे बाबा, म्हणतात, आमच्या कुळाच्या मोठ्या घराचा प्रमुख आणि 'पुका राया' या नावेचा राखणदार, शरीराने संपत आलो आहे. पोटात पाणी झाले आहे आणि पाय माझे वाटत नाहीत. डोके ठिकाणावर आहे. हे मी कोणाच्या धाकाने सांगत नाही, ताडी पिऊन सांगत नाही. राग आहे, पण रागाच्या भरात सांगत नाही. माझा हात थरथरतो म्हणून शाळेच्या युस्तिना बाई लिहीत आहेत. मी बोलेन ते सगळे लिहायचे, मधे दुसरे कोणी बोलले तर तेही लिहायचे, असे मी त्यांना सांगितले आहे. म्हातारा असे बोललाच नव्हता, असे नंतर कोणी म्हणू नये. साक्षीला माझा चुलतभाऊ रोफिनुस आणि प्रार्थनाघराचे अलोयसियुस बसले आहेत. उद्या पहाटे किनाऱ्यावर प्रार्थना होईल आणि हंगामाच्या नावा पाण्यात जातील. म्हणून हे आजच झाले पाहिजे.

एक. घर. माझी बायको तेक्ला जिवंत आहे तोवर घर तिचे. नंतर गोरिसचे. स्वयंपाकघरावरचे पत्रे आपले आहेत असे रोफिनुस आयुष्यभर सांगत आला. ते त्याचे नाहीत. तरीही त्याला हवे असतील तर काढून न्यावेत.

"दादा, आता ते गंजके पत्रे घेऊन मी काय करू?"

"मग इतकी वर्षं बोंबलत कशाला होतास?"

"बोंबलायलाच."

हेही लिहा.

दोन. माळ्यावरचे हस्तिदंत गोरिसच्या लग्नात मुलीच्या घरी द्यायचे आहे. मुलगी त्याने निवडावी. त्याच्या मित्रांनी निवडू नये.

तीन. हत्यारे. भाल्याची पाती आणि बांबू नावेबरोबर जातील. धार लावायचा दगड गोरिसला. तासणी रोफिनुसला, कारण ती तशीही त्याच्याच घरी असते. बँकेत जे थोडे आहे ते तेक्लाचे. तिने ते माझ्या श्राद्धाच्या जेवणावर घालवू नये. लोक मका खातील आणि घरी जातील.

चार. नाव.

'पुका राया' कोणा एकाची नाही, ती कुळाची आहे. पण तिच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, भाला घेऊन कोण उभा राहील, म्हणजे तिचा लामाफा कोण, हे मोठ्या घराचा प्रमुख सांगतो. माझे पाय गेल्यापासून गोरिस उभा राहत आला. उद्यापासून माझ्या बहिणीचा मुलगा सिप्रियानुस उभा राहील.

हे मी मघाशी तोंडी सांगितले, तेव्हाच गोरिसने दार आपटले. तेक्ला म्हणाली, "माझ्या पोटच्या पोराच्या हातातलं काढून तुम्ही भाच्याला देताय." तेही लिहा. ती खरे बोलते आहे.

कारण लिहायला हवे. गेल्या हंगामात, वारे दक्षिणेकडून असताना, 'पुका राया'ने एका मोठ्या नर देवमाशाला भाला मारला. गोरिसचा वार चांगला बसला, त्यात काही कमी नव्हते. मासा खाली गेला, वर आला, आणि नावेला तिमोर बेटाच्या बाजूला ओढत निघाला. आमचा डोंगर दिसेनासा झाला. फळीचा सांधा उघडला आणि पाणी आत येऊ लागले. भाल्याचा दोर कापायचा की धरून ठेवायचा हे लामाफाने ठरवायचे असते. गोरिस मागे वळला. त्याने आपल्या माणसांच्या तोंडाकडे पाहिले. प्रत्येक जण म्हणाला, धर. कारण शेजारचा धर म्हणत होता. भिऊन सोडून दे म्हणणारा पहिला माणूस कोणालाच व्हायचे नव्हते. सिप्रियानुस, आमचा सिप्री, दोरापाशी बसला होता. त्याने कोणाकडे पाहिले नाही. सुरी काढली आणि दोर कापला.

मासा गेला, पाते गेले, घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे वळलेला दोर गेला. माणसे सगळी परत आली.

सगळी परत आली, म्हणूनच कापायची गरज नव्हती असे गावाने ठरवले. एखादा बुडाला असता तर सिप्रीला शहाणा म्हटले असते. नंतर माशाच्या बदल्यात डोंगरावरून येणारा मका पुरेसा आला नाही आणि प्रत्येक घरात तो हातचा गेलेला मासा बोलण्यात पुन्हा पुन्हा वाटला गेला. तेव्हापासून सिप्री बसला की माणसे उठतात. त्याला कोणी विडी देत नाही. तो किनाऱ्यावर बायकांबरोबर मीठ उकळतो.

मी त्या दिवशी नावेत नव्हतो. नाव परत आल्यावर तिच्याखाली उताणा झोपून मी सांधा पाहिला. माझी बोटे आरपार गेली. एवढ्याने काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे.

सिप्रीला बोलावले आहे. तो दाराबाहेर उभा आहे, आत येत नाही.

"मामा, मला नको. मी मिठावर बरा आहे."

"तुला काय हवं ते मी विचारलेलं नाही. पाणी किती आलं होतं ते सांग. बाई लिहितात."

"गुडघ्यापर्यंत."

रोफिनुस हसला. "आम्ही तर घोट्यापर्यंत ऐकलंय. आणखी थोडं थांबलास तर गाव त्याला घामच म्हणेल."

सिप्री बोलत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. मी तो मान्य करतो. त्याला माणसे जमवता येत नाहीत. तो विनोद करत नाही, ताडी पीत नाही, कोणाच्या आजारी बापाला पाहायला जात नाही. गोरिस हे सगळे करतो, मनापासून करतो. गोरिस किनाऱ्यावर उतरला की पोरे त्याच्यामागे येतात. मला त्याचा अभिमान आहे. बाई, हे नीट अक्षरात लिहा, तो कधीतरी वाचेल.

पण नाळेवर उभ्या असलेल्या माणसाची पाठ सगळ्यांना दिसते आणि त्याला कोणाचेच तोंड दिसत नाही. ती जागा तशीच बांधलेली आहे. जो तिथे उभा राहून मागे वळतो त्याला त्याची माणसे एक दिवस तिमोरच्या पलीकडे घेऊन जातील, आणि जाताना त्याच्यावर प्रेमच करत असतील. गोरिसने एकदा मागे पाहिले आहे. तो पुन्हा पाहील. पुढच्या वेळी दोरापाशी सिप्री नसेल, कारण त्याला आता कोणी नावेत घेत नाही. म्हणून मी मुलाच्या हातातला भाला काढून घेतो आहे. मला दुसरा उपाय दिसत नाही. दिसला असता तर हा केला नसता.

गोरिस परत आला आहे. दारातच उभा आहे. दोघे एकाच दारात उभे आहेत आणि एकमेकांकडे पाहत नाहीत.

"आमा, मी हाक मारली आणि नाव रिकामी राहिली, असं कधी झालं?"

"कधीच नाही. मला त्याचीच भीती वाटते."

"याच्या नावेत कुत्रंसुद्धा चढणार नाही."

"म्हणून तुला सांगतोय. तू पहिला बस. तू बसलास की सगळे बसतील."

"मी? वल्ह्यावर? याच्या पाठीमागे?"

"याच्या पाठीमागे."

"पोरं काय म्हणतील?"

"त्या दिवशीही तू हेच विचारलंस."

त्याने एक पाय उंबरठ्याच्या आत टाकला. मला वाटले, आत येईल. मग म्हणाला, "तुम्हाला मी भित्रा वाटतो."

"नाही रे. तुला पाण्याची भीती नाही. पोरांची आहे."

तो गेला. या वेळी दार आपटले नाही. ते मला जास्त लागले.

पाच. माणसे. ही मला कोणाच्या नावे करता येत नाहीत. वल्ही देता येतात, हात देता येत नाहीत. आमच्याकडे कोणी कोणाला नावेत बसवत नाही. ज्याला बसायचे तो आपणहून येतो, आणि पुरेसे आले नाहीत तर नाव वाळूतच राहते. म्हणून हे कलम हुकूम नाही. मी विनवणी करतो. मृत्युपत्रात विनवणी चालते का, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "चालत नाही, आमा. मी लिहिते."

लिहा. ज्यांनी माझ्या पाठीकडे पाहत आयुष्य वल्हवले ते तुम्ही, आणि तुमच्या मुलांनो, मी हात जोडतो. सिप्री तुम्हाला आवडला नाही तरी चालेल, त्याच्याशी बोलू नका, त्याला तुमच्या चुलीपाशी बसवू नका. फक्त त्याच्या मागे बसा. तो तुम्हाला घरी आणेल. कधीकधी रिकाम्या हाताने आणेल.

तरीही कोणी आले नाही तर नाव छपराखाली राहावी. वाळवीने खाल्ली तरी चालेल. गोरिसला देऊ नये.

"मग गोरिसनं करायचं काय?" रोफिनुसने विचारले.

"घरी बसावं. जिवंत बसावं."

रोफिनुसने मान हलवली आणि गोरिस गेला त्या वाटेकडे पाहिले.

सहा. मला पुरताना चांगले शीड गुंडाळू नये. जुने आहे, त्यात गुंडाळावे.

सात. तेक्ला विचारते आहे की तिने काय करावे. तिने काही करू नये. तिने उद्या गोरिसला हाक मारू नये आणि सिप्रीला शिव्या देऊ नयेत. हे जमणार नसेल तर दिवसभर प्रार्थनाघरात बसावे.

याआधी मी तोंडी जे काही कोणाला कबूल केले असेल ते या लिहिण्याने रद्द. बाईंनी सगळे मला वाचून दाखवले. मी ते ओळखले, ते माझेच आहे. हाताला धरून सही करवून घेतली, पण बोटे मीच हलवली.

योआकिम (सही, वाकडी)

साक्षीदार:
रोफिनुस, 'केलेन' नावेचा राखणदार (सही)
अलोयसियुस, प्रार्थनाघर (सही)

लिहिणार: युस्तिना, शिक्षिका

लामाबुरा, लेंबाता बेटाचा दक्षिण किनारा
तीस एप्रिल एकोणीसशे चौऱ्याण्णव

दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद. योआकिम आमांनी लिहायला सांगितली म्हणून लिहिते.

प्रार्थनेनंतर मी पाचवे कलम किनाऱ्यावर मोठ्याने वाचले. सिप्रियानुस 'पुका राया'पाशी उभा राहिला. तिथे कोणी आले नाही. रोफिनुस यांनी गोरिसला आपल्या 'केलेन'च्या नाळेवर जागा दिली. 'पुका राया'ची माणसे त्याच्यामागोमाग 'केलेन'मध्ये चढली. नाव ढकलायला सुरुवात झाल्यावर सिप्रियानुसने चालत जाऊन जागा मागितली. माणसे हसली. गोरिस म्हणाला, "बसू दे. पाणी उपसेल." तो चढला. नाव गेली.

मी घरी येऊन हे सर्व आमांना सांगितले. त्यांनी विचारले, "पाणी उपसणारा कुठे बसतो 'केलेन'मध्ये?"

मी म्हटले, मधे.

"मधून दोरापर्यंत हात पोचतो का?"

मी म्हटले, मला माहीत नाही, आमा. मी कधी नावेत बसलेली नाही.