दुसरं कुलूप

इतवारी, नागपूर
१९७२

रुपरावदादा,

पाया पडते. आईले धंतोलीच्या दवाखान्यात आणलं, हा तुझा निरोप पोचला. मले ताप आहे असं मी निरोप्याजवळ सांगितलं, ते खोटं होतं. मी चांगली आहे, पण घर सोडून येता येत नाही.

मालकाले आमची खोली खाली करून पाहिजे. भाडेकरूंना सल्ला देणाऱ्या सुमतीबाईंनी मले बजावलं, "नोटीस आली तर आपण उत्तर देऊ. पण घर एक घटकाही सुनं सोडू नका." शेजारचे कृष्णकांत मास्तर लग्नासाठी कामठीले गेले होते. परत आले तर दाराले मालकाचं कुलूप, अन् गाद्या नालीत. आता चाळीत आम्हीच उरलो. हे कन्हानच्या खदानीत असतात, रविवारीच घरी येतात.

मालकाचा माणूस समोरच्या पानठेल्यावर बसून राहते. अंगणातल्या नळावर गेली तरी मी मागे पाहत पाहत पाणी भरते. आज सकाळी तो हसून म्हणाला, "वहिनी, माय बिमार आहे म्हणतात तुमची. जाऊन या ना."

आईचं त्याले कोणी सांगितलं? तुझा निरोप आणणाऱ्याले मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दादा, तो तूच धाडला होता ना गा? आई खरंच दवाखान्यात आहे ना?

एवढंच विचारायले हे पत्र लिहिलं. पण टपालपेटी वळणापलीकडे आहे, अन् तिथून माझं दार दिसत नाही.

तुझी बहीण,
मनकर्णा