'थँक यू, सर'चे परिणाम

ती. आतोबांना साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? आत्या फोनवर म्हणाली, गुडघा बरा आहे, पण तुम्ही तसं मान्य करत नाही. इकडे सर्व ठीक आहे (नोकरी सोडून, तिथवर येतोच).

तुमच्या इंग्रजीच्या शिकवणीत एक शिस्त होती. समजलं नाही तर चेहरा पाडायचा नाही, 'थँक यू, सर' म्हणून खाली बसायचं. ती अंगात इतकी मुरली आहे की मागच्या आठवड्यात कुलपांच्या कारखान्यात नव्या साहेबांनी सगळ्यांना जमवून इंग्रजीत भाषण केलं, तेव्हा मान डोलावणारा मी एकटाच होतो. यंत्रांवरच्या लोकांना ते 'स्टँड डाउन' म्हणाले. मग मला केबिनमध्ये बोलावून फार हळुवारपणे 'वी आर लेटिंग यू गो' म्हणाले. मी थँक यू म्हणून हात मिळवला. साहेबांचे डोळे पाणावले. मी पुन्हा थँक यू म्हटलं.

काचेतून हे सगळ्यांनी पाहिलं आणि मला बढती मिळाली असं ठरवून टाकलं. घरापर्यंत पोचवायला आले. मी हारही घालून घेतला (नको म्हणणं बरं दिसलं नसतं). दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून गेलो, तर माझ्या टेबलावर साहेबांचा मेहुणा कुलपं तपासत बसलेला. तेव्हा कुठे तुम्ही आहेरात दिलेला शब्दकोश उघडला. 'स्टँड डाउन' म्हणजे यंत्रांवरच्यांचं काम नुसतं थांबलंय, ते परत येतील. 'लेट गो'वाले येत नाहीत. 'ले ऑफ'चा अर्थ दोन्हीकडचा निघाला, तात्पुरतंही आणि कायमचंही, म्हणून त्याच्याकडे आशेने बराच वेळ बघत बसलो. पण साहेबांनी तो वापरलाच नव्हता.

हिला अजून सांगितलेलं नाही. बढतीच्या आनंदात तिने शिवणकामाची गिऱ्हाइकं परत पाठवली. मी रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसून खातो. मला फार भीती वाटते, आतोबा.

आत्याला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. खरं काम असं की, रविवारी येऊन हिला तुम्हीच सांगा. इंग्रजीत सांगा. तीही तुमच्याच शिकवणीतली. थँक यू म्हणेल आणि चहा टाकेल.

ता. क. २. पाकीट चिकटवायला हिच्याकडे दिलं, ही माझी चूक. तिने वाचलं. थँक यू म्हणाली नाही. शिवणयंत्रावरचं कापड काढलं, गिऱ्हाइकांना फोन केले आणि म्हणाली, "उद्यापासून काजं-बटणं तुमच्याकडे." अर्थ लगेच समजला. तरी मी थँक यू म्हटलं.