शेषगिरींच्या साइटवरची नाव

५ एप्रिल, शनिवार

चढले एकदाची! आधी शिडी, मग कठडा, मग रक्षिताने मागून दिलेला धक्का. सुनेने सासूला ढकललं आणि सासूने तिला आशीर्वाद दिला, असं अख्ख्या बेंगळुरात पहिल्यांदाच घडलं असेल.

तर आजपासून आमचा मुक्काम नावेत. नाव उभी आहे शेजारच्या शेषगिरींच्या रिकाम्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, जुन्या टायरांवर. पाणी? घोटभर नाही. आमच्या महादेवपुऱ्यातल्या बोअरवेल मार्चमध्येच आटल्या.

ही नाव यांनी घेतली गेल्या ऑक्टोबरातल्या पुरानंतर. घरात कमरेएवढं पाणी होतं. आम्हाला ट्रॅक्टरमधून बाहेर काढलं तेव्हा हे ओरडले होते, "पुढच्या वेळी मी कोणाच्या ट्रॅक्टरात बसणार नाही!" आणि मलप्याहून मासेमारीची जुनी नाव लॉरीवर घालून आणली. यांचा जन्म गेला बस डेपोत. पाणी पाहिलं ते बादलीत. अजून तिला माशांचा वास येतो, आणि हे म्हणतात, मला तर येत नाही.

आता घर जॅक लावून चार फूट वर उचलायचंय. तोवर ते रिकामं हवं. आमचा यशू म्हणाला, "कुठेतरी भाड्याने राहू ना, अण्णा." हे म्हणाले, "स्वतःची नाव असताना भाडं कशाला रे?" झालं. संपला विषय.

६ एप्रिल, रविवार

उद्या पहिला जॅक फिरणार. सगळं नीट व्हावं म्हणून यांनी आज नावेतच खंडोबाची तळी भरली. टाक स्टीलच्या डब्यातून काढून फळीवर मांडले. तळी उचलायला पाच पुरुष हवेत. हे, यशू, शेषगिरी, घर उचलणाऱ्यांचा मुकादम नागराज, आणि टँकरवाला — तो बिचारा फक्त पाइप सोडवायला वर चढला होता!

"येळकोट येळकोट जय मल्हार!" सगळ्यात मोठा आवाज टँकरवाल्याचा. पाचही कपाळं भंडाऱ्याने पिवळी. तेवढ्यात खाली पाइप वाहत राहिला आणि साइटवर घोट्याएवढा चिखल झाला. यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तरंगली का गं स्वल्प?"

८ एप्रिल

यांनी नांगर टाकला. कोरड्या मातीत! "वारा सुटला तर?" म्हणे. वरून नियम केलाय — उतरणाऱ्याने सांगून उतरायचं. बाथरूमसाठी शेषगिरींकडे जावं लागतं, आता ते पण सगळ्या गल्लीला ऐकवायचं का?

९ एप्रिल

यशू व्हाइटफील्डला फ्लॅट घेतोय. मला कोणी सांगितलं नाही. रक्षिता मोबाइलवर तिथल्या फ्लॅटचे फोटो आणि पडद्यांचे रंग बघत होती, मी मागून पाहिलं. विचारलं, "कुठले गं?" तर म्हणाली, "असंच, अम्मा." मग यशूला विचारलं. "नंतर सांगतो, अम्मा." नंतर म्हणजे सामानाचा टेम्पो दारात आल्यावर!

म्हणजे आम्ही घर उचलतोय कोणासाठी? एकुलता एक मुलगा जाणार आणि आम्ही दोघं चार फूट उंचावर बसून एकमेकांची तोंडं बघणार.

जेवण गेलं नाही.

११ एप्रिल

रक्षिता नावेतूनच ऑफिसचं काम करते. व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे ताडपत्री, दोरखंड, वल्हं. साहेबाने विचारलं, "केरळ एन्जॉय करतेयस ना?" ही खरं सांगायला गेली तर कोणी ऐकेना. शेवटी म्हणाली, "हो सर, हवा छान आहे." तेवढ्यात खाली पालेभाजीवाला "सोप्पू, सोप्पू" करत आला.

१५ एप्रिल

घर हललं! नागराजची शिट्टी वाजली की सगळी माणसं आपापला जॅक एकदमच फिरवतात. एकाने जरी जास्त फिरवला तर भिंत तडकते. दिवसभर शिट्ट्या. हे नावेच्या टोकावर उभे राहून प्रत्येक शिट्टीला हात वर करतात. नागराज मला हळूच म्हणाला, "अक्का, साहेबांना स्वल्प सांगा. आमची पोरं त्यांच्या हाताकडं बघूनच फिरवाया लागलीत."

१८ एप्रिल

एक गोष्ट लिहून ठेवते. घरात प्रत्येकाची खोली, प्रत्येकाचं दार. जेवायला हाक मारली तरी "आलो" म्हणून तासाने येणार. इथे दारच नाही! यशूला शिंक आली की चौघं जागे. रक्षिता रोज माझ्या डोक्याला तेल लावते, कारण दुसरीकडे बसायला जागाच नाही. काल यशू शाळेतल्या गमती सांगत होता. तीन वर्षांत इतका बोलला नव्हता माझ्याशी.

घर सावकाश उचला रे बाबांनो.

२० एप्रिल, रविवार

आज मोठा घोटाळा! थोरले भावोजी विठोजी इथल्याच, बेंगळुरातल्या शिवाजीनगरहून आले. शिडी न चढता खालूनच बोलत होते. त्यांना फळीवरचे टाक दिसले.

"हे काय? देव नावेत?"

"हो दादा, तळीसुद्धा भरली," हे छाती फुगवून म्हणाले.

भावोजी मटकन टायरावर बसले. मग मलाही आठवलं. आमच्यात जिथे तळी भरून देव बसवले तिथून ते चंपाषष्ठीपर्यंत हलत नाहीत. आजे-पणजे कर्नाटकात आले तेव्हापासूनची रीत. एकदा सासऱ्यांनी चुकून बहिणीच्या घरी तळी भरली, तर सहा महिने तिच्याकडेच राहिले होते!

चंपाषष्ठी नोव्हेंबरात. आता चाललाय एप्रिल.

"आणि देव इथे असताना घरच्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड करायचं नाही," असं सांगून भावोजी उठले. यशूचा चेहरा उतरला. रक्षिताने मोबाइल पालथा ठेवला.

मला आनंद झाला. देवाशपथ झाला! तोंड पाडून बसले आणि पोटात हसत होते.

२ मे

उकाडा असह्य. ताडपत्रीखाली आपण इडल्या होऊन बसलोय. तरी मी तक्रार करत नाही. यांना संशय आला — "तुला ताप आलाय का गं?"

११ मे

यशूचा आणि माझा खटका उडाला. तो म्हणाला, "अम्मा, फ्लॅटचा ताबा मेअखेर मिळतोय. नोव्हेंबरपर्यंत कोण थांबणार?" मी म्हणाले, "देव थांबलेत, तुला काय होतं?" तो काहीतरी बोलणार होता, पण यांच्याकडे पाहून चपला शोधायला लागला. मग न सांगता उतरला. नियम मोडला म्हणून हे पाच मिनिटं पूजेची घंटा वाजवत होते.

मी वाईट बोलले का? पण जायचंच असेल तर निदान तोंडाने सांग ना रे!

२२ मे

घर उचलून झालं. चार फूट! पण पायऱ्या सगळेच विसरले. दार हवेत. नागराज म्हणाला, "पायऱ्या करारात नव्हत्या, अक्का." मग आमचीच शिडी नेऊन घराला लावली. हे आणि यशू वर गेले, आणि रक्षिता नि मी नावेत अडकलो. शेषगिरींनी खालून विचारलं, "काय जमनाबाई, प्रवास बरा चाललाय?"

रक्षिता आणि मी इतक्या हसलो की तिला ठसका लागला. ही पोरगी गेल्यावर मी कोणाबरोबर हसू?

३१ मे

यशूने किल्ली माझ्या हातात ठेवली. फ्लॅट त्यांचा नाही. आमचा! अकरावा मजला.

"पुराच्या दिवशी तू ओट्यावर पाय घेऊन बसली होतीस, अम्मा. ते मला परत बघायचं नाही. आधी सांगितलं असतं तर अण्णांनी तिथेही जॅक लावले असते."

आणि देव? "आम्ही दोघं राहतो ना नावेत. देवाजवळ घरचं कोणीतरी असलं की झालं. विठोजीकाकांना विचारलंय." हेही "सरी, ठीक आहे" म्हणून मोकळे झाले आणि लिफ्ट बंद पडली तर म्हणून लांब दोरी शोधायला गेले.

दोन महिने मी पोराला धरून ठेवत होते. घर सोडून जाणारी तर मीच निघाले.