कुणाचं उजवं?

अक्का,

तुला उठवलं नाही. खिडकीतून समुद्राचा वारा येत होता आणि तू झोपेत हसत होतीस. वाटलं, परत स्वप्नात त्या अवाढव्य तोंडात फिरतेयस. हल्ली मलाही तेच स्वप्न पडतं. दाढा देवळाच्या खांबांएवढ्या, पायाखाली जीभ ओल्या वाळूसारखी, आणि पलीकडून तू ओरडतेस, "अगं म्हशी, उजवं म्हणजे तुझं नव्हे, पेशंटचं उजवं!" परीक्षेतही तुझाच आवाज ऐकून मी एक उत्तर बदललं.

नीर डोशाचं पीठ वाटून ठेवलंय. गूळ-खोबरं उजवीकडच्या डब्यात आहे. कपाटाच्या उजवीकडच्या हं, नाहीतर मीठ घालून बसशील.

काल डेंटलच्या एमडीएस प्रवेशाचा निकाल लागला. माझा बघून तू नाचलीस, आणि "माझं काय, तिसरी खेप, राहू दे" म्हणत तोंडावर पांघरूण ओढून घेतलंस. मला राहवलं नाही. पहाटे तुझा नंबर टाकून बघितला. रागावू नकोस. मग उजाडेपर्यंत मी नुसती पायरीवर बसून होते. माड हलत होते की मीच, कळत नव्हतं.

आता बाजारात मल्लिगे आणायला चाललेय. दोन गजरे आणते. दारात येऊन उभी राहीन, तेव्हा उजव्या हातातला तुझा. कुणाचा उजवा, ते क्वालिफाय झालेल्या बाईला मी काय सांगायचं?

धन्या