साहेबांच्या माशाचा उपवास

४ जुलै १९७९, बुधवार
मनोहरराव साहेब आठवडाभर मुंबईला. जाताना त्यांचा समुद्री मासा काचेच्या पेटीसकट माझ्या घरी ठेवला. म्हणाले, तुम्ही मुंगीसुद्धा मारणार नाही. ऑफिसात दुसरा असा माणूस नाही, हे खरेच.
मासा हळदीसारखा पिवळा, बशीसारखा चपटा. डोळ्यावरून काळा पट्टा, शेपटीजवळ डोळ्यासारखाच काळा ठिपका. तोंड चिमट्यासारखे. उबदार समुद्रात प्रवाळाच्या खडकांत राहतो, फटींतले बारीक जीव टिपून खातो. वाळलेल्या झिंग्यांची पुडी दिली आहे, रोज दोनदा भिजवून घालायला.
माझ्या घरात झिंगे? तेही चातुर्मास उद्यावर आला असताना? पुडी गल्लीतल्या मांजरीला घातली. साहेब येईपर्यंत मासा सात्त्विक करायचा.

५ जुलै, आषाढी एकादशी
भगर टाकली. शिवला नाही. बायको कांता म्हणाली, "अवो, त्याले भूक लागली असंन. त्याचं खाणं द्या ना." तिला सांगितले, जिवाला तिथी कळते. मला मात्र साबुदाणा दोनदा घ्यावा लागला.

६ जुलै
द्वादशी असूनही उपवास सोडत नाही. वरणभात, भिजवलेली डाळ, तुळशीचे पान. तोंडात घेतो, थुंकतो. म्हणजे चव लागते आहे. पेटीतला दगड टोचत बसतो. जुनी सवय, जाईल.

८ जुलै
कांता म्हणाली, "पिवळा होता, पांढरा पडून राहिला. काहून छळता जी त्याले?" तिला तेज ओळखता येत नाही. शेपटीच्या ठिपक्याने माझ्याकडे एकटक पाहतो. तोंड मात्र फिरवून बसतो.

९ जुलै, गुरुपौर्णिमा, पहाटे
पाण्यावर आडवा. स्थिर. कांता म्हणाली, मेला. मी म्हटले, समाधी. शेजारच्या प्रयागबाईंना दर्शनाला बोलावले. त्यांनी कुंकू वाहिले. पाणी लाल झाले.

११ जुलै
साहेब आले. वास त्यांना दारातच आला. मी एकादशीपासून सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "झिंगे कुठे आहेत?" मांजरीचे सांगितले. बराच वेळ पेटीकडे पाहत बसले. बहुधा ध्यान लागले असावे.

३० जुलै
साहेबांनी नवा मासा आणल्याचे कळले. आपणहून केबिनमध्ये गेलो. म्हटले, या वेळी पहिल्या दिवसापासून वळण लावू. पुढच्या दौऱ्याला निघाल की निःशंक माझ्याकडे ठेवा.
साहेब म्हणाले, "मी दौरे बंद केले."