शिमूलपाड्याचं पाणी

शिमूलपाडा, कोलकात्यापासून बरंच पुढे
बुधवार

ती. संजीवनी आत्यास,

कुणालीचा साष्टांग नमस्कार. मी इथे सुखरूप आहे, बाबाही सुखरूप आहेत, आणि बाबा अजून इथे आहेत हाच या पत्राचा विषय आहे. तुझा गुडघा कसा आहे? वाशिंदच्या तुझ्या जिन्याची आठवण ठेवून मी इथे तळमजल्याची खोली घेतली आहे. कधी आलीस तर त्रास होणार नाही. तुझ्या यजमानांना, म्हणजे आमच्या मामांना, नमस्कार सांग. त्यांचा उल्लेख पुढे येणार आहे, तो त्यांनी मनावर घेऊ नये.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू विचारशील. खोली एकच आहे आणि बाबा तिच्यात असतात. मी "हॅलो आत्या" म्हटलं की फोन त्यांच्या हातात जातो आणि पुढचं सगळं ते बोलतात. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो दिपेशच्या मोबाइलवर पाठवते आहे. तुझ्याकडे राहून तो कंपनीत जातो-येतो, तेव्हा निदान पत्र वाचून दाखवण्याएवढं काम त्याने करावं. (दिपेश, ज्या कंसात तुझं नाव आहे त्यातलं मोठ्याने वाचायचं नाही. ते मनात वाचून पुढे जायचं. तू सख्खा भाऊ म्हणून विश्वास ठेवते आहे, याआधी ठेवला होता तेव्हा काय झालं ते मी विसरलेले नाही.)

तुला आईकडून एक, बाबांकडून दुसरं आणि मामांकडून तिसरं कळलं असणार, म्हणून क्रमाने सांगते. इथल्या संस्थेत गावोगावच्या विहिरींचं आणि हातपंपांचं पाणी तपासायचं काम असतं. ते नीट शिकावं आणि एक दिवस सिद्धगडाच्या पायथ्यापासून शहापूरपर्यंत आपल्याकडची एकेक विहीर तपासावी, असं मी ठरवलं आहे. आईच्या मते त्यासाठी आधी विहिरीत पाणी असावं लागतं. ते खरं आहे, पण त्यावर दुसरी संस्था काम करते. बाबांनी नोकरीला हरकत घेतली नाही. त्यांची अट एकच होती. राहायची जागा घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायची, आणि बाबांनी बरोबर येऊन ती डोळ्यांनी बघायची. पसंत पडली तर मी राहणार, नाही पडली तर त्यांच्याबरोबर परत. परतीची दोन तिकिटं त्यांनी निघायच्या आधीच काढून ठेवली होती, एक त्यांचं आणि एक माझं. माझं कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "ऱ्हावदे गो, लागलं तर."

संस्थेतल्या मॅडमनी मला तीन उपनगरं सुचवली होती. पहिलं प्रयोगशाळेच्या शेजारी, दुसरं मुलींच्या वसतिगृहांसाठी प्रसिद्ध, आणि शिमूलपाडा तिसरं, ज्याच्या आधी त्यांनी "अगदीच नाही जमलं तर" असं लिहिलं होतं. मी ओटीवर सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं की असा निर्णय भावनेने घ्यायचा नसतो. अंतर, सुरक्षितता, दवाखाना आणि पाण्याचा दर्जा, असं एकेक बघत जायचं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग आईने विचारलं की तांदळाचं पीठ कुठे दळून मिळेल. ते मला सांगता आलं नाही, आणि तिथून पुढे माझ्या बोलण्याला काही वजन उरलं नाही.

आईने शिमूलपाडा निवडला, कारण नावात पाडा आहे. "पाडाच हाय ना, मंग काय घाबरायचं," असं तिचं म्हणणं. बाबांना मात्र जाणकार माणसाचं मत हवं होतं, म्हणून मुरबाड-कल्याण जीप चालवणाऱ्या नवसूला बोलावलं. नवसूने आयुष्यात कल्याणच्या पुढे गाडी नेलेली नाही, पण प्रवासाविषयी त्याचं मत आपल्याकडे शेवटचं मानतात. तो चहा पिऊन म्हणाला, "गाडी जिथनं सुटते तिथंच ऱ्हायचं. जाताना सीट मिळते, येताना झोप लागली तरी पुढं जात नाय." यात चूक काढता येईना. खोलीच्या एजंटने पाठवलेल्या नकाशात मेट्रोच्या रेषेवरचं शेवटचं स्टेशन शिमूलपाडा हेच होतं. तेव्हा शिमूलपाडा ठरल्यासारखा झाला.

फक्त एक शंका राहिली होती. नकाशावर शेवटचा तुकडा तुटक रेषेने काढला होता. (इथे मामा समोर बसले असतील तर दिपेशने खोकून पुढच्या परिच्छेदावर जावं.) ती शंका मी मामांना फोनवर विचारली, कारण त्यांची सगळी नोकरी कसाऱ्याच्या घाटात रुळांवर गेली आहे. मामा क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "तुटक म्हंजे बोगदा. आमच्या हापिसातल्या नकाशात सगळे बोगदे तसेच." कसाऱ्याला बोगदे आहेत, नकाशात ते तुटक आहेत, आणि मामा त्यांतून रोज चालत गेलेले आहेत, मग अविश्वास कशावर ठेवायचा? कोलकात्याला डोंगर नाही, मग बोगदा कशातून काढला असेल, असं मी विचारायला हवं होतं. पण शेवटचा तुकडा बोगद्यातून म्हणजे उन्हाळ्यात गार, हे बाबांनी लगेच सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

इथे उतरल्यावर आम्ही टोटोवाल्याला (बॅटरीवरच्या रिक्षेला इथे टोटो म्हणतात) मेट्रो स्टेशनला न्यायला सांगितलं. तो आमच्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग त्याने न्यायचं ठरवलं. त्याने नेलं तिथे एक मोठा तलाव होता. तलावात सिमेंटचे खांब ओळीने उभे होते, दोन खांबांना दोरी बांधून कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या, आणि खालून बदकं जात होती. तुटक रेषेचा अर्थ "होणार आहे" असा होता. आत्या, आपण मुरबाडचे. रेल्वे होणार आहे हे वाक्य आपल्याकडे मुलांच्या कानावर बारशापासून पडतं. त्यातली फसवणूक साऱ्या देशात कुणाला ओळखता यायला हवी होती तर ती आपल्या घराला. मला वाटलं, संपलं, आता बाबा तिकिटं बाहेर काढणार. बाबा तलावाच्या काठाला उभं राहून खांब बघत होते. मग म्हणाले, "आपल्यापरीस बरं हाय. यांचे खांब तरी आले."

तरी हे मत खांबांपुरतं होतं. मेट्रो नाही, म्हणून मी टोटोने नाक्यावर जाते, तिथून बसने पुढे, आणि उरलेलं चालत. ज्या मुलीने एसटीने मुरबाड, मुरबाडहून जीपने कल्याण असं करून पदवी घेतली तिला यात अवघड काही नाही. बस नाक्यावरूनच सुटते, म्हणजे नवसूचं म्हणणं खरं ठरलं. पण बाबांचा त्याच्यावर पुरता भरवसा नाही. पहिल्या सकाळी ते माझ्याआधी नाक्यावर गेले आणि बस लागताच खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला. रुमाल पडला की सीट आपली, हे मुरबाडच्या स्टँडवर भांडणारा माणूसही मानतो. इथल्या कंडक्टरने रुमाल उचलला, घडी केली आणि "दादा, आपका गिर गया" म्हणून बाबांना परत दिला. बाबांनी पुन्हा टाकला. त्याने पुन्हा दिला. आता तो रुमाल सगळ्या नाक्याच्या ओळखीचा झाला आहे. काल तर एका बाईंनी तो सीटवर बघितला आणि स्वतःच त्या सीटपासून लांब उभ्या राहिल्या. बस रिकामी होती. बाबा म्हणाले, "शिकतात हळूहळू."

आता पाण्याचं. आपल्या घरचा रिवाज तुझ्याइतका कोणाला माहीत नाही. मुलगी द्यायचं नक्की होईपर्यंत बापाने त्या गावचं पाणी प्यायचं नाही, आणि प्यायला तर ठरलं, मग मागे फिरायचं नाही. तुझ्या वेळी आजोबा दोनदा भर उन्हाळ्यात वाशिंदहून कोरड्या घशाने परत आले होते, तिसऱ्या खेपेला तांब्याभर पाणी प्यायले आणि तुझं ठरलं. मी बाबांना सांगितलं की हे लग्न नाही, नोकरी आहे. बाबा म्हणाले, "पोरगी जाते का नाय परक्या गावाला? मंग." तेव्हापासून बाबा शिमूलपाड्याचं पाणी पीत नाहीत. दुकानातून बाटल्या आणतात. माझा भातही त्या बाटलीच्या पाण्यात शिजतो. अंघोळ नळाच्या पाण्याने चालते, कारण अंघोळ म्हणजे पिणं नव्हे, आणि चूळ भरताना ते ओठ असे काही आवळून धरतात की मला बघवत नाही. इथल्या नळाचं पाणी मी स्वतः प्रयोगशाळेत तपासलं. चांगलं आहे. निकालाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पिण्यासारखं असंल गो. पण पोरगी देण्यासारखं हाय का, ते बघतोय."

ते बघणं अजून चालू आहे. घरमालकीणबाईंना मी माशिमा म्हणते (मावशीला इथे तसं म्हणतात). त्या रोज एका बशीत मिठाई आणि शेजारी पाण्याचा पेला घेऊन येतात, कारण इथे पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत. बाबा रोज हात जोडून मान हलवतात. आधी माशिमांना राग आला. मग त्यांनी स्वतःच ठरवलं की हा माणूस कसलं तरी कडक व्रत करतो आहे, आणि गल्लीत तसं सांगितलं. आता संध्याकाळी लोक येऊन दारात उभे राहतात. परवा एका गृहस्थांनी मुलीच्या परीक्षेचं विचारलं. बाबांनी समजल्यासारखं डोळे मिटले आणि म्हणाले, "होईल, होईल." गृहस्थ पाया पडून गेले. बाबांना विचारलं, काय होईल? म्हणाले, "मेट्रोचं विचारत होता ना?"

हसू नकोस आत्या. शनिवारी गाडी आहे. तिकिटं एकदा पुढे ढकलून झाली आहेत. तिथे राबाचे दिवस आहेत, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची आहे, आई एकटी डोक्यावरून पालापाचोळा वाहते आहे आणि रोज फोन करून विचारते की तुझा बाप गाव बघायला गेलाय का गाव वसवायला. शनिवारी बाबांनी पाणी न पिता दोन्ही पिशव्या उचलल्या, तर माझी नोकरी, माझ्या विहिरी आणि माझं सगळं ठरवलेलं त्या गाडीत बसून परत येईल. संस्थेतल्या मॅडम पुन्हा बोलावणार नाहीत. मी बाबांशी वाद घालू शकते, पण वादात ते हरतात आणि तरीही ऐकत नाहीत, हे तू लहानपणापासून बघते आहेस.

मामांना पुन्हा नमस्कार. गुडघा निर्गुडीच्या पाल्याने शेकत जा. बाकी सर्व ठीक.

तुझी भाची,
कुणाली

ता. क. : वर जे लिहिलं ते प्रस्तावना समज. मुख्य काम असं आहे. बाबा ज्या बाटलीचं पाणी पितात तिच्यावरचा कागद मी आज वाचला. अक्षर बारीक आहे आणि इंग्रजीत आहे, पण पाणी भरल्याचं ठिकाण स्पष्ट छापलं आहे : शिमूलपाडा. म्हणजे बाबा पहिल्या दिवसापासून याच गावचं पाणी पीत आहेत, फक्त विकत घेऊन. आता तू घरात सगळ्यांत मोठी, आणि हा रिवाज तुझ्यावर वापरून झालेला आहे, तेव्हा निकाल तूच द्यायचा. सीलबंद बाटलीतलं पाणी त्या गावचं धरायचं की नाही? धरायचं असेल तर शनिवारच्या आत बाबांना फोन कर आणि सांग की देवजी, तू प्यायला आहेस, आता मागे फिरता येत नाही. मी सांगितलं असं सांगू नकोस. (दिपेश, हे वाचताना तोंड गंभीर ठेव.)

ता. क. २ : फोन करू नकोस. वरचं लिहिलं आणि मला राहवलं नाही, बाटली सरळ बाबांसमोर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "म्हाईत हाय. त्या दुकानाच्या मागंच भरतात. पयल्याच दिशी मशीन बघून आलो." मी विचारलं, मग इतके दिवस सांगितलं का नाही, मी रोज तुमच्या घशाकडे बघत बसते. बाबांनी उद्याचा रुमाल घडी करून खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर ठरलंच, मंग मला घरीच जायचं होतं ना." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "आमचा बापूस तीनदा गेलता वाशिंदला. पयल्याच खेपेला स्टेशनावर नळाला पोटभर प्यायलेला. मी होतो संगं. ताईला सांगू नको बोलला." आत्या, हे तुला माहीत होतं का? मला वाटतं नव्हतं, म्हणून सांगितलं.

ता. क. ३ : माझं तिकीट त्यांनी आत्ताच रद्द केलं. त्यांचं शनिवारचंच आहे, आणि पिशवी त्यांनी आजपासूनच दाराशी नेऊन ठेवली आहे. मला इथला मोठा रस्ता अजून एकटीने ओलांडता येत नाही, हे मी वर कुठे लिहिलेलं नाही, आणि ते या पत्राच्या एकूण विचारसरणीत बसतही नाही. तेव्हा फोन करच. पण आता असं सांग की राब भाजून झाला, घाई नाही, अजून आठवडाभर गाव नीट बघून घे. (दिपेश, रविवारी सुट्टी असेल तेव्हा घरी जाऊन राब तू भाजायचा आहेस. हा कंस मात्र मोठ्याने वाच.)