छत्रीवाल्याने पाहिलेली बिनछपराची गाडी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा, वाकता येईल तितका वाकून नमस्कार. (सध्या फार वाकता येत नाही. कारण पुढे येतंच आहे.) तुझा खोकला हटला असेल आणि दाजींचं नव्या चष्म्याशी जमलं असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं खुशाल; म्हणजे ही खुशाल आहे, आणि मी आहे.

पत्रास कारण की, एक गाडी घ्यावी की न घ्यावी या पेचात मी अडकलोय आणि आपल्या घराण्यात तू सोडून कुणी शहाणं नाही. गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची आणि बिनछपराची आहे. म्हणजे छप्पर आहे, कापडाचं. बटण दाबलं की घडी होऊन मागे जातं. जात शर्यतीच्या गाड्यांची, तरी आपल्याला परवडेल अशी, कारण हे छप्पर अर्ध्यावर अडकतं. आता तूच सांग, तीस वर्षं छत्र्या दुरुस्त करणाऱ्याला अडकलेल्या छपराची काय मातब्बरी? (मला गाडी चालवता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. पण मी छत्री तरी कुठे वापरतो? म्हणून धंदा अडला का?)

हिला सांगितलं तर "या वयात?" एवढंच म्हणाली. तरी मला कुणी गंडवू नये म्हणून रविवारी बरोबर आली. गाडीचे मालक दातांचे डॉक्टर. दवाखान्यासमोरच्या अंगणात गाडी उभी होती. ही चालवायला बसली (गुरांच्या दवाखान्याची गाडी रोज तीच चालवते, त्यामुळे तिचा हात बसलेला आहे) आणि मी शेजारी बसलो. बसलो कसला, पडलो! सीट इतकी खाली की रस्त्यावरची कुत्री माझ्याकडे बरोबरीच्या नात्याने बघत होती.

पहिल्याच सिग्नलला शेजारी बस येऊन थांबली. वरच्या खिडकीतून एक बाई ओरडल्या, "अहो छत्रीवाले! माझी निळी छत्री महिनाभर तुमच्याकडे लोळतेय आणि तुम्ही इथे हवा खाताय होय?" झालं! अख्खी बस आमच्या बाजूला कलली. लपावं म्हणून मी घाईने बटण दाबलं, तर छप्पर निम्मं वर आलं आणि चोच वासलेल्या पिल्लासारखं थांबलं. एका आजोबांनी वरून काठीने ढोसूनही पाहिलं. आणि ताई, ही हसायला लागली! लग्नात फोटोवाल्याने हातापाया पडूनही जी हसली नव्हती, ती ही. सिग्नल हिरवा झाला, मागे भोंगे वाजले, तरी डोळे पुसत हसतच होती.

परत आल्यावर छपराची वाकलेली काडी मी खिशातल्या पकडीने पाच मिनिटांत सरळ केली. छप्पर मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. अभिमानाने माझी छाती फुगली, पण उतरायला गेलो तर उतरता येईना. एका हाताला ही, दुसऱ्याला डॉक्टर. मी तसूभर हललो नाही. डॉक्टर म्हणाले, "जरा टेकून बसा," आणि सीट मागे पाडून सवयीने पुढे म्हणाले, "आ करा." मीही केला. दोन दाढा किडल्यात म्हणे. शेवटी, बसकण मारलेल्या गाईला उठवतात त्या युक्तीने हिने मला मागून रेटून बाहेर काढलं. तेव्हापासून कंबर धरली आहे.

तर ताई, तूच ठरव. घ्यावी तर कंबर जाते. न घ्यावी तर हिचं ते हसणं काही डोळ्यांपुढून हलत नाही. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : तू काहीही कळवलंस तरी आता चालेल. हिने आज सकाळी जाऊन गाडी घेतली. स्वतःच्या नावावर.

पुन्हा ता. क. : खरं काम असं, की शेजारच्या सीटवर पहिल्यांदा "वन्संना बसवणार" असं हिने जाहीर केलंय. तुला तसं निराळं पत्र येईल. कृपा करून नाही म्हण. कारण काहीही सांग.

आणखी एक : वरचं हिने वाचलं. तिघांनी जायचं ठरलं आहे. डिकीत मी मावतो, आत्ताच बसून पाहिलं. फक्त झाकण लागत नाही. येताना एक मऊ उशी आण.